गोल भोक, रिकामी पोखर

नाशिककडे पान पोखरणारी कुठलीही अळी म्हणजे नागअळी. टोमॅटोवरची नागअळी, लिंबावरची नागअळी, गिलक्यावरची नागअळी. शब्द चांगला आहे, पण गिलक्यावर तो बहुतेक वेळा माशीच्या अळीला लागतो, लिंबावर पतंगाच्या अळीला, आणि दुकानातून औषध मात्र दोघींसाठी एकच येतं. खरं तर कोण पोखरतंय हे अळी हाती न लागताही सांगता येतं. पोखर, म्हणजे पानाच्या वरच्या आणि खालच्या सालीमधला हिरवा गर खाऊन झालेली पोकळी, रिकामी आहे की विष्ठेने भरलेली, आणि पानाला भोक आहे का, असेल तर कसलं, एवढं पाहिलं की निम्मं काम झालं.

या दोन खुणा सगळ्यात स्वच्छ जिथे दिसतात ते उदाहरण मात्र आपल्याकडचं नाही. युरोपात आणि उत्तर अमेरिकेत एल्मच्या झाडावर एक अळी राहते. ती पानाचाच तुकडा कापते, त्याची खोळ शिवते आणि ती अंगावर घेऊन फिरते. तिचा पतंग कोलिओफोरा या प्रजातीतला. या प्रजातीत हजाराहून जास्त जाती आहेत आणि जवळजवळ सगळ्यांच्या अळ्या अशाच खोळ बाळगतात. काही पानाची करतात, काही नुसत्या रेशमाची, काही बियांच्या टरफलाची.

एल्मवर यातल्या एकाहून जास्त जाती सापडतात. सगळ्यात ठसठशीत म्हणजे कोलिओफोरा लिमोसिपेनेला, दुपाँशेलने १८४३ मध्ये वर्णन केलेली. मूळची युरोपातली, नंतर उत्तर अमेरिकेतही पोचलेली. अमेरिकेची स्वतःची एल्मवरची जात वेगळी, कोलिओफोरा उल्मिफोलिएला, तिला मॅकडनोने १९४६ मध्ये नाव दिलं. युरोपात एल्मवर कोलिओफोरा बॅडीपेनेला ही छोट्या खोळीची जातही असते. आणि कोलिओफोरा सेराटेला, जिचं नाव थेट लिनियसने, म्हणजे शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्यानेच, १७६१ मध्ये ठेवलेलं, ती एल्मबरोबर बर्च, अल्डर, हेझल या झाडांवरही तेवढ्याच आवडीने राहते. म्हणजे ‘एल्मवर सापडली’ एवढ्यावरून जात ठरत नाही.

नाशिकच्या माणसाला एल्म कसा कळायचा? तो उल्मस प्रजातीतला. पानाच्या कडेला बहुधा दुहेरी दाते, पानाचा बुडखा एका बाजूला उतरता, आणि मधल्या शिरेपासून निघणाऱ्या बाजूच्या शिरा सरळ, एकमेकींना समांतर, कंगव्यासारख्या. हिमालयात उल्मस वालिचियाना आहे, त्याचा पाला गुरांना घालतात. आपल्याकडे त्याच कुळातला वावळा आहे. चैत्राच्या सुमारास ज्याच्या फांद्यांवर पातळ, पापडीसारख्या चपट्या बियांचे घोस दिसतात आणि ज्याचं पान चुरडलं की नाक मुरडावं लागतं, तो. वावळ्याच्या पानाची कड सरळ असते, दाते नसतात. इंग्रजीत त्याला भारतीय एल्म म्हणतात म्हणून एल्मचे सगळे किडे वावळ्यावर असतील असं धरून चालू नये. हे किडे नावं वाचत नाहीत. बोन्साय करणाऱ्यांच्या गच्चीवर चिनी एल्म कुंडीत असतो, खऱ्या उल्मसचं पान बघायचं असेल तर ते तिथे बघता येईल.

आता अळीचं वर्ष. पतंग साधारण जुलैत उडतात, मादी पानाच्या खालच्या बाजूला शिरेजवळ एकेक अंडं घालते. अंड्यातून निघालेली अळी सरळ पानात शिरते, तेव्हा तिच्याकडे खोळ नसते, ती इतर कुठल्याही पोखरणाऱ्या अळीसारखीच पानात राहते. काही आठवड्यांनी ती पोखरलेला एवढासा तुकडा आतून रेशमाने शिवते, कापते आणि तो घेऊन बाहेर पडते. ही पहिली खोळ, काही मिलिमीटरांची. पान गळण्याआधी अळी फांदीवर उतरते, खोळीचं तोंड सालीला घट्ट चिकटवते आणि हिवाळाभर गप्प राहते. वसंतात कळ्या फुटल्या की पुन्हा खायला लागते. मोठा नाश याच काळात दिसतो, कारण अळी भराभर वाढते आणि नव्या पानांवर ताव मारते. अंग वाढलं की खोळ अपुरी पडते, मग ती नवी कापते. खाणं संपलं की खोळ फांदीला किंवा पानाला पक्की बांधते, आतल्या आत उलटी फिरते आणि डोकं मागच्या टोकाकडे करून कोषात जाते. पतंग त्याच मागच्या टोकातून बाहेर येतो. वर्षाला एकच पिढी.

खायची पद्धत या सगळ्या ओळखीची किल्ली आहे. अळी खोळीचं पुढचं तोंड पानाच्या खालच्या सालीला चिकटवते, तिथे एक गोल भोक पाडते आणि त्यातून अंग आत घालते. पण शेपटीकडचा भाग खोळीतच ठेवते. त्यामुळे तिची पोच तिच्या अंगाएवढीच. तेवढा गर चारही बाजूंनी खरवडून झाला की ती मागे सरते, खोळीच्या मागच्या टोकाशी जाते आणि विष्ठा तिथून बाहेर टाकून देते. म्हणून पोखर आतून स्वच्छ. मग खोळ उचलून दोन पावलं पुढे, नवं भोक, नवी पोखर. एका पानावर अशी पाच-सहा ठिगळं सहज दिसतात. एल्मच्या बाजूच्या शिरा जाड आणि समांतर असल्यामुळे अळी दोन शिरांच्या मधल्या गल्लीतच अडकते, आणि ठिगळ लांबट चौकोनी होतं. दुसऱ्या कुठल्या झाडावर, जिथे शिरांचं जाळं बारीक, तिथे हेच ठिगळ गोलसर येतं. आकारावर फार भिस्त ठेवू नका, भोक आणि स्वच्छता यांवर ठेवा.

तपासायची रीत साधी आहे. पान तोडू नका, फांदीवरच आकाशाकडे धरा. प्रकाश आरपार आला की पोखर पिवळट, अर्धपारदर्शक दिसते आणि आत विष्ठा असेल तर काळे ठिपके लगेच उठून दिसतात. मग पान उलटं करून दहापट भिंगाने पोखरीचा मधला भाग बघा. कडा गुळगुळीत असलेलं, टाचणीने पाडल्यासारखं गोल भोक असेल आणि आत विष्ठा नसेल, तर खोळवाली. भोक ठिगळाच्या काठावर फाटल्यासारखं, चिरेसारखं असेल तर ती आतल्या अळीची बाहेर पडायची वाट, खोळवालीची नाही.

एल्मवर इतरही पोखरणारे असतात आणि त्यांच्याशी गल्लत होते. फेनुसा उल्मी ही माशी नव्हे, गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली, अंडी घालायची नळी करवतीसारखी असलेली कीड. तिची अळी पानात मोठे तपकिरी फोड करते आणि फोडात विष्ठा ठासून भरलेली असते. फिलोनोरिक्टर प्रजातीतल्या पतंगांच्या अळ्या खालच्या सालीच्या आतून पोखरतात आणि आत रेशीम ओढून साल सुरकुतवतात, त्यामुळे पान तंबूसारखं वर फुगतं. विष्ठा आतच, भोक नाही. स्टिग्मेलाच्या अळ्या सुताइतकी बारीक, वळणं घेत रुंद होत जाणारी रेघ काढतात आणि रेघेच्या मधोमध विष्ठेची काळी ओळ असते. ऑर्केस्टीस हा उड्या मारणारा सोंडेवाला भुंगा पानाच्या टोकाकडे फोड करतो आणि मोठे भुंगे पानाला बारीक बारीक छिद्रं पाडतात. ती छिद्रं आरपार असतात. खोळवालीचं भोक फक्त खालच्या सालीला असतं, वरची साल शाबूत. हा फरक भिंगातच कळतो, मोबाइलच्या फोटोत बऱ्याचदा नाही.

खोळ हाती लागली तर काम अजून सोपं. लिमोसिपेनेलाची पूर्ण वाढलेल्या अळीची खोळ सेंटीमीटरभर, बाजूंनी चपटी, आणि तिच्या पाठीवर एल्मच्या पानाचे दाते तसेच दिसतात. कारण अळी नवी खोळ पानाच्या कडेला कापते, कडेची बाजू न कापता राखते. शिवण वाचते, आणि पाठीला करवतीसारखी धार येते. बॅडीपेनेलाची खोळ याच्या निम्मी, पाठीवर पानाच्या कडेची फिकट पट्टी. सेराटेलाची नळीसारखी, आखूड. मोजायच्या तीन गोष्टी वहीत लिहाव्यात. एक, लांबी, तीही पट्टी बाजूला ठेवून काढलेल्या फोटोवरून, अंदाजाने नाही. दोन, खोळ पानावर कुठल्या कोनात उभी आहे. पान पूर्ण बाजूने धरून फोटो काढा. काही जातींची खोळ पानावर आडवी झोपलेली असते, काहींची खिळ्यासारखी काटकोनात उभी. हा कोन म्हणजे खोळीच्या तोंडाचा काप, आणि जात ओळखताना तो फार उपयोगी पडतो. तीन, मागचं टोक. तिथे अळी विष्ठा टाकते म्हणून झडपा असतात. दोन झडपा असतील तर ओठ मिटल्यासारखी एक सरळ रेघ दिसते, तीन असतील तर तीन पाकळ्यांची चांदणी. पानाच्या खोळीला बहुधा दोन, रेशमी नळीला बहुधा तीन.

आणि रिकाम्या खोळीला फसू नका. नवी खोळ कापली की जुनी तिथेच चिकटलेली राहते, शेजारी पानाच्या कडेतून कात्रीने कापल्यासारखा तुकडा गायब. हे जोडीने दिसलं म्हणजे अळी मोठ्या घरात गेली आहे, तिला शेजारच्या पानावर शोधा.

आपल्याकडे यायचं तर खोळ घेऊन फिरणाऱ्या अळ्या नाशिकमध्ये भरपूर, पण त्या या कुळातल्या नाहीत. इगतपुरी-त्र्यंबकच्या भातात सुरळीतली अळी असते. आवणी झाल्यावर, पाणी साचलेल्या खाचरात ती पानाचं शेंड्याकडचं टोक कापते, दोन्ही कडा रेशमाने जोडून सुरळी करते आणि त्यात राहते. ही पान पोखरत नाही, वरून खरवडते, म्हणून पानावर शिडीच्या पायऱ्यांसारखे पांढरे पट्टे उमटतात. तिला पाण्याशिवाय चालत नाही. अंगाच्या बाजूला कल्ल्यांसारखे धागे असतात, सुरळीत पाणी धरून ती श्वास घेते, आणि सुरळी तरंगत तरंगत पुढच्या चुडापर्यंत जाते. म्हणून उपायही पाण्याचाच. खाचरातलं पाणी दोन-तीन दिवस काढून टाकलं की ती अडचणीत येते. त्याआधी दोघांनी दोन बांधांवर उभं राहून पिकावरून दोरी ओढली तर सुरळ्या पाण्यात पडतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. जुन्या शिफारशीत दोरीला किंवा पाण्यात रॉकेल असायचं, हल्ली ते सहज मिळत नाही आणि नुसती दोरी पुरते. पाणी काढताना मात्र ते शेजाऱ्याच्या खाचरात सोडू नका, नाहीतर सुरळ्याही त्याच्याकडे आणि बोलणीही. फुटवे भरपूर झाल्यावर ही अळी दिसली तर काही करायची गरज नाही, पीक भरून काढतं.

घराच्या भिंतीवर पावसाळ्यात दिसणारी, भोपळ्याच्या बियांसारखी चपटी, दोन्ही टोकं निमुळती, धुळीच्या रंगाची पिशवी हीही एका पतंगाच्या अळीचीच. ती कपड्यांच्या कसरीच्या कुळातली. पानाशी तिचा संबंध नाही, कोळ्याची जाळी, केस, लोकर यांवर जगते. तिच्या पिशवीला दोन्ही बाजूंना तोंडं असतात आणि अळी कुठूनही डोकं काढू शकते. एल्मच्या खोळीला पुढचं तोंड खायला आणि मागचं टोक विष्ठेला, हे ठरलेलं. बाभळीवर, बोरीवर लटकणारी काड्यांची मोळी ही तिसऱ्या कुळातली. ती मोठी, पान पोखरत नाही, कुरतडते, आणि पुष्कळ जातींत मादीला पंखच नसतात, ती मोळीतच राहते आणि अंडीही तिथेच घालते. तेव्हा ‘खोळ आहे’ एवढं पुरत नाही. खोळ कशाची, पुढे-मागे काय, आणि खालचं पान कसं खाल्लंय हे मिळून चित्र पूर्ण होतं.

आता त्या नागअळीकडे. लिंबाच्या कोवळ्या पानावर चांदीसारखी चमकणारी, वेडीवाकडी रेघ आणि तिच्या मधोमध बारीक काळी ओळ दिसली तर ती फिलोक्निस्टिस सिट्रेला, पंखांचा विस्तार जेमतेम काही मिलिमीटर असलेला पतंग. त्याचं पहिलं वर्णन स्टेंटनने १८५६ मध्ये कलकत्त्याच्या नमुन्यांवरून केलं. अळी शेवटी पानाच्या कडेला येते, कड दुमडून तिथे कोषात जाते, त्यामुळे लिंबाचं पान कडेने वळतं. भोक नाही, खोळ नाही. ही अळी फक्त कोवळ्या पालवीवर जगते, निबर पानात शिरत नाही. म्हणून जुन्या पानांवर फवारलेलं सगळं वाया. पालवी फुटू लागली की पाच टक्के निंबोळी अर्क देऊन बघावा. पाच किलो निंबोळी कुटून रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्याने गाळून पाणी घालून शंभर लिटर करायचं, त्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा. ताजाच वापरायचा, आणि संध्याकाळी, कारण उन्हात निंबाचा गुण लवकर जातो. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पालवी सारखी फुटू न देणं. युरियाचा हात सैल सुटला आणि पाणी बेशिस्त दिलं की झाड वर्षभर कोवळी पानं काढत राहतं, आणि अळीला वर्षभर पंगत.

गिलकं, काकडी, टोमॅटो, वाल यांच्यावरच्या वळणदार पांढऱ्या रेघा बहुधा लिरिओमायझा या माशीच्या. रेघेतली विष्ठा कधी या काठाने तर कधी त्या काठाने जाते. अळीला डोकं किंवा पाय दिसत नाहीत, पिवळट आणि टोकदार असते. पानावर रेघांशिवाय टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपकेही असतात, ते मादी माशीने टोचून रस प्यायल्याचे. या माशीवर परजीवी गांधीलमाश्या भरपूर असतात आणि सरसकट कीटकनाशकाने आधी त्याच मरतात, मग नागअळी दुप्पट. टोमॅटोवर पानात मोठे, वेडेवाकडे, काळ्या विष्ठेने घाण झालेले फोड दिसले आणि फळाच्या देठापाशी टाचणीएवढी भोकं असतील तर ती टुटा, जिचं वर्णन मेरिकने १९१७ मध्ये पेरूमधल्या पतंगांवरून केलं आणि जी भारतात २०१४ मध्ये आढळली. टुटाची अळी पोखर सोडून दुसऱ्या पानात, फळात शिरते. अळीच्या डोक्यामागे काळी आडवी पट्टी असते. तिच्यासाठी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगाला ओढणारे, लावतात, माशीसाठी त्यांचा काही उपयोग नाही. गिरणारे-पिंपळगावकडे हे दोन्ही एकाच प्लॉटवर असतात, म्हणून निदान पाच पानं फाडून आतली अळी बघितल्याशिवाय सापळ्यांना पैसे घालू नयेत.

पोखरणारी अळी पाळून पतंग काढायचा असेल तर काही गोष्टी हमखास बिघडतात. पहिली चूक म्हणजे अळीला खोळीसकट पानावरून उपटून काढणं. खोळवाली जिथे चिकटली आहे तिथलं रेशीम तुटलं की ती बऱ्याचदा पुन्हा चिकटत नाही. पान देठासकट, शक्य असेल तर डहाळीसकट कापा. दुसरी चूक ओलावा. बंद डबीत पानाला घाम येतो, दोन दिवसांत बुरशी. डबीच्या तळाला वर्तमानपत्राची किंवा टिश्यूची घडी ठेवा, रोज उघडून बाष्प पुसा, डहाळी पाण्याच्या छोट्या बाटलीत बुचाला भोक पाडून उभी करा, भोकाभोवती कापूस दाबा म्हणजे अळी पाण्यात पडणार नाही. पान कोमेजायच्या आत बदला, पण अळी स्वतःहून सरकेपर्यंत जुनं पान काढू नका. नव्या पानाला जुनं टेकवून ठेवा. डबी उन्हात नको. नाशिकच्या एप्रिलमध्ये खिडकीतल्या काचेच्या बरणीत अळी उकडून मरते.

पानातच राहणाऱ्या, खोळ नसलेल्या अळीला पान मेलं की दुसरीकडे जाता येत नाही, म्हणून ती शेवटच्या टप्प्यात असताना गोळा करा. बाहेर पडायला आलेली किंवा कोषाच्या तयारीत असलेली अळी शोधा. थंडीत झोपणाऱ्या जाती, जसा एल्मवरचा पतंग, घरात ऊबेला ठेवल्या तर सुकून मरतात. युरोपातले हौशी लोक अशा डहाळ्या जाळीच्या पिशवीत घालून हिवाळाभर बाहेर बागेत टांगून ठेवतात.

आणि पतंगाऐवजी बरणीत एखादी चकचकीत, मुंगीएवढी गांधीलमाशी दिसली तर ती फेकू नका. ती त्या अळीवर वाढलेली परजीवी. खोळीच्या बाजूला गोल भोक असेल तर ती तिथून निघाली. पतंग मागच्या झडपेतून निघतो, बाजूने कधीच नाही. अशा माशीची नोंदीची चिठ्ठी पतंगाइतकीच काळजीने लिहावी. लार्च झाडावरची कोलिओफोरा लॅरिसेला १८८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये सापडली, पसरली, आणि शेवटी तिला आवरण्यासाठी अगाथिस पुमिला आणि क्रायसोकॅरिस लॅरिसिनेले या दोन परजीवी गांधीलमाश्याच युरोपातून अमेरिकेत आणून सोडल्या गेल्या.

पतंग निघाला तरी नाव लागेलच असं नाही. कोलिओफोराचे पतंग अरुंद पंखांचे, कडेला लांब झालर असलेले, करडे-तपकिरी आणि एकमेकांसारखे. विसाव्याला बसल्यावर दोन्ही मिशा जोडून पुढे ताणतात, ही कुळाची खूण झाली, जातीची नाही. जात ठरवायला पोटाचा भाग दहा टक्के कॉस्टिक पोटॅशच्या पाण्यात घालून, कढत पाण्याच्या भांड्यात पंधरा-वीस मिनिटं किंवा तसाच रात्रभर ठेवून, मऊ ब्रशने खवले साफ करून, जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागतात. हे हातमोजे आणि चष्मा घालून करायचं, आणि मुलांच्या समोर नाही. पोटाच्या प्रत्येक खंडाच्या पाठीवर बारीक काट्यांच्या जोडीजोडीने ठिगळं दिसली तर निदान कूळ तरी बरोबर आहे. म्हणूनच खोळ, पोखर आणि झाडाचं नाव या तीन गोष्टी पतंगाइतक्याच जपायच्या. खोळ वाळल्यावर टाचणीवरच्या पतंगाच्या शेजारी, त्याच टाचणीवर चिठ्ठीला चिकटवून ठेवतात.

एल्मवर या अळीसाठी फवारणी करायची का, तर मोठ्या झाडावर नाही. पानं तपकिरी होतात, बागेची शोभा जाते, पण झाड मरत नाही. खोळीत बसलेल्या अळीला औषध लागतही नाही नीट. कुंडीतल्या एल्मवर दिसलीच तर हिवाळ्यात, पान नसताना फांदीवरच्या खोळी चिमट्याने वेचून टाकणं पुरेसं. मात्र एल्मची पानं उन्हाळ्यात एकाच फांदीवर अचानक पिवळी पडून लोंबायला लागली, आणि त्या फांदीची साल सोलल्यावर आत तपकिरी रेघा दिसल्या, तर ते अळीचं काम नाही. तो डच एल्म रोग. बुरशीचा, सालीखालच्या भुंग्यांबरोबर पसरणारा, आणि झाड मारणारा. पान उलटं करून गोल भोक शोधायची सवय असेल तर या दोन्हींची गल्लत होत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. परदेशातून येताना खोळीसकट एल्मची डहाळी सामानात घालायचा मोह आवरा. वनस्पती आयातीचा २००३ चा आदेश आहे, परवान्याशिवाय झाडाचा जिवंत भाग आणता येत नाही, आणि तो नियम अशाच किड्यांसाठी आहे. नांदूरमध्यमेश्वरसारख्या अभयारण्यातूनही वनखात्याच्या परवानगीशिवाय पान तोडू नका. गंगापूर रोडच्या कडेचे करंज, घरची लिंबं आणि परसातलं गिलकं एवढ्यावर वर्षभर पुरेल इतकं काम आहे. करंजाच्या पानावर पांढरट फोड दिसले तर आकाशाकडे धरून बघा, आत विष्ठा दिसते का ते. पण पानावर बोटांसारखे वर आलेले फुगवटे असतील तर ते कोळ्याच्या नात्यातल्या माइटचे, पोखर नव्हे, तिथे भिंग घालवू नका.